‘काढले असते तर’ : बेसबॉलच्या वादातील संकेतार्थ

जे घडले नाही त्याविषयी बोलण्याची सोय प्रत्येक भाषेने आपापल्या परीने करून ठेवलेली असते. इतिहासकार, न्यायाधीश आणि वैद्य यांना व्यवसाय म्हणूनच या सोयीचा आश्रय घ्यावा लागतो. कारण एखादी कृती घडली नसती तर परिणाम टळला असता किंवा कसे, हे ठरविल्यावाचून त्यांना कारण सांगता येत नाही, की दोषही देता येत नाही. परंतु अशा विधानांचा रोजच्या रोज, चढ्या आवाजात आणि कोणत्याही व्यावसायिक गरजेवाचून उपयोग करणारा भाषक-समाज पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील बेसबॉलच्या रसिकवर्गाकडे वळावे. सामना हरल्यावर मॅनेजरने अमुक पिचरला काढावयास हवे होते, तमक्याला फलंदाजीस आधी पाठवावयास हवे होते, असा जो वाद उपाहारगृहांत, कचेऱ्यांत आणि रेडिओवर चालतो, त्याला इंग्रजीत ‘सेकंड-गेस’ म्हणतात. हा शब्द बेसबॉलच्या बोलीतूनच सर्वसाधारण इंग्रजीत गेला. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पश्चात्तर्क’ हा शब्द योजला आहे.

मराठी वाचकांस क्रिकेट परिचित असल्याने दोन्ही खेळांतील एक भेद प्रारंभीच सांगितला पाहिजे. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलण्याचा निर्णय मैदानावरील कर्णधार घेतो, आणि थकलेल्या गोलंदाजास विश्रांती देऊन तासाभराने पुन्हा चेंडू देता येतो. बेसबॉलमध्ये हा निर्णय मैदानाबाहेर बसलेल्या मॅनेजरचा असतो, आणि एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सामना नऊ डावांचा असतो. फलंदाजांचा क्रम सामन्यापूर्वी लिहून द्यावा लागतो आणि तो चक्राकार चालतो. नववा फलंदाज खेळून गेला की पुन्हा पहिला येतो. म्हणजे सुरुवातीचा पिचर पुरेसा वेळ टिकला, तर त्याच फलंदाजांशी त्याची दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा गाठ पडते. तिसऱ्या भेटीत फलंदाजांचे यश सरासरीने वाढते, असे अनेक हंगामांच्या नोंदींवरून दिसून आले आहे. थकव्यामुळे पिचरची धार कमी होते आणि फलंदाजही त्याच्या चेंडूंना सरावतो. निर्णय न फिरविता येण्याजोगा आणि त्याचा क्षण सर्वांच्या डोळ्यांसमोरचा, या दोन गोष्टींमुळे पश्चात्तर्कास येथे जशी सुपीक भूमी मिळते तशी क्रिकेटमध्ये क्वचितच मिळते.

16 ऑक्टोबर 2003 रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातवा, म्हणजे निर्णायक सामना झाला. बोस्टन रेड सॉक्स या संघाने 1918 नंतर अजिंक्यपद मिळविले नव्हते. आठव्या डावात न्यूयॉर्क यांकीजचा संघ फलंदाजीस आला तेव्हा बोस्टन 5–2 असे पुढे होते, आणि पेड्रो मार्टिनेझ हा त्यांचा श्रेष्ठ पिचर 100 चेंडू टाकून झाला होता. पहिला फलंदाज बाद झाला. विजयास पाच बळी उरले असता डेरेक जीटरने डबलचा फटका मारला आणि बर्नी विल्यम्सने त्यास घरी आणले, 5–3. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात आले, पेड्रोशी चार शब्द बोलले, आणि त्याला तेथेच ठेवून परत गेले. त्यानंतर हिडेकी मात्सुईचा डबल, पाठोपाठ होर्हे पोसाडाचा डबल, दोन धावा, बरोबरी. 123 चेंडूंनंतर पेड्रोस काढण्यात आले, पण तोवर आघाडी गेली होती. मध्यरात्र उलटल्यावर अकराव्या डावात एरन बूनने टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर होम रन मारून सामना संपविला. त्याच महिन्याच्या 27 तारखेस बोस्टनने लिटल यांचा करार पुढे चालविण्यास नकार दिला. त्यांच्या हाताखाली संघाने 2002 मध्ये 93 आणि 2003 मध्ये 95 सामने जिंकले होते.

या प्रसंगाविषयी बोस्टनचा रसिक जे वाक्य उच्चारतो त्याची घडण भाषाभ्यासकाने निरखून पाहण्याजोगी आहे. प्रमाण इंग्रजीत असे वाक्य ‘इफ’ने सुरू होते, पहिल्या उपवाक्यात पूर्ण भूतकाळ आणि दुसऱ्यात ‘वुड हॅव’ येते. क्रीडांगणाच्या बोलीत हे सारे गळून पडते. नमुन्यादाखल पुढील वाक्य घ्यावे : ‘ही टेक्स हिम आऊट, वुई विन.’ शब्दशः अर्थ, ‘तो त्याला काढतो, आपण जिंकतो.’ येथे ‘जर’ नाही आणि भूतकाळही नाही. दोन साधी वर्तमानकाळी वाक्ये शेजारी ठेवली आहेत, आणि संकेताचा सर्व भार उच्चारातील आघातावर व ऐकणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर टाकला आहे. खेळाडू, समालोचक आणि रसिक या तिघांच्याही तोंडी ही रचना इतकी रुळली आहे की इंग्रजीच्या काही अभ्यासकांनी तिला बेसबॉलचेच नाव दिले आहे.

ही रचना अशुद्ध म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, पण तसे केल्यास तिच्यातील खरी गोम हातची निसटते. हेच वाक्य मात्सुई फलंदाजीस येण्यापूर्वी उच्चारले असते, तर ते भविष्याविषयीचे एक उघडे, खरे-खोटे ठरू शकणारे भाकीत झाले असते. सामना हरल्यावर उच्चारले की तेच वाक्य न घडलेल्या गोष्टीविषयीचे विधान होते. रूपात तसूभरही फरक पडत नाही. याचाच अर्थ असा की, या रचनेत पश्चात्तर्काला पूर्वतर्काचा वेष आयता मिळतो. बोलणाऱ्याने हे आधी म्हटले होते की निकाल कळल्यावर त्याला सुचले, याची खूण वाक्यात राहत नाही.

मराठीत ही खूण सहसा पुसता येत नाही. आपल्या व्याकरणकारांनी क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे जे चार अर्थ मानले आहेत, त्यांपैकी शेवटचा येथे कामास येतो. ‘त्याला काढले तर आपण जिंकू’ हे आधीचे वाक्य आणि ‘त्याला काढले असते तर आपण जिंकलो असतो’ हे नंतरचे. ‘असते’ व ‘असतो’ ही रूपे वाक्याच्या दोन्ही अंगांवर शिक्का मारून ठेवतात, आणि वक्त्यास आपण कोठे उभे राहून बोलत आहोत हे लपविता येत नाही. तथापि यावरून मराठीच्या नेमकेपणाचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. ‘मी तेथे असतो तर त्याला थांबविले असते’ या वाक्यातील ‘असतो’ आणि ‘मी सकाळी घरी असतो’ या वाक्यातील ‘असतो’ यांचे रूप एकच आहे. एका ठिकाणी ते नित्याची वस्तुस्थिती सांगते, दुसऱ्या ठिकाणी कधीही नसलेली. निवाडा ‘तर’ हे अव्यय करते. वर्तमानाचे रूप असत्याच्या कामास लावणे ही केवळ अमेरिकन बोलीची लहर नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

लिटल यांच्यावरील आक्षेपात ‘आधी’चा पुरावा कितपत होता, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. तो पुष्कळच होता. शंभर चेंडूंच्या आसपास पेड्रोचा प्रभाव ओसरतो, हे त्या हंगामाच्या आकड्यांवरून बोस्टनच्या सावध रसिकांना ठाऊक होते. उलट बाजूसही काही होते. संघातील राखीव पिचर हंगामभर भरवशाचे ठरले नव्हते. मात्र त्या ऑक्टोबरात ते उत्तम खेळत होते. म्हणजे हंगामाच्या सहा महिन्यांवर विश्वास ठेवायचा की शेवटच्या दोन आठवड्यांवर, हा तो पेच होता. अशा प्रसंगी राखीव पिचरांपैकी कोणाहीपेक्षा पेड्रोच हवा, अशी आपली बाजू लिटल यांनी मांडली. पेड्रोने स्वतःकडे दोष घेतला. वादाच्या ओघात हा पेच नाहीसा झाला आणि ‘सर्वांना दिसत होते ते एकट्या मॅनेजरला दिसले नाही’ एवढेच उरले. निकाल कळल्यावर तो आधीपासूनच अटळ भासू लागतो, हे बारूख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांनी दाखविले होते. 1988 मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी त्यापुढचे पाऊल टाकले : निर्णय घेणाऱ्यास उपलब्ध असलेली माहिती तीच असली तरी, परिणाम वाईट झाला की लोक निर्णयही वाईट ठरवितात. आपल्याकडे ‘बैल गेला अन् झोपा केला’ ही म्हण आहे, पण तिचा रोख उशिरा उपाय करणाऱ्यावर आहे. येथील रसिकाचा बैल गेल्यानंतर झोपा करण्याशी संबंध नसतो. झोपा उघडा असल्याचे आपण आधीच पाहिले होते, असा त्याचा दावा असतो.

सतरा वर्षांनी हाच प्रसंग उलटा होऊन आला. 27 ऑक्टोबर 2020 रोजी टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना चालू होता. टँपा बे रेजचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल याने लॉस एंजेलिस डॉजर्सच्या नऊ फलंदाजांस स्ट्राइक आऊट केले होते, आणि एकालाही फुकटचा बेस दिला नव्हता. डॉजर्सच्या फलंदाजीक्रमातील पहिले तिघे त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइक आऊट झाले. टँपा 1–0 असे पुढे होते. सहाव्या डावात एक बळी गेल्यावर ऑस्टिन बार्न्सने एक साधी हिट मारली; स्नेलच्या विरुद्धची ती अवघी दुसरी हिट होती. तेवढ्यावर मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला काढले. त्याने केवळ 73 चेंडू टाकले होते. त्याच्या जागी निक अँडरसन आला, मूकी बेट्सने डबल मारला, एका भरकटलेल्या चेंडूवर बरोबरी झाली आणि कोरी सीगरच्या जमिनीवरील फटक्यावर डॉजर्स पुढे गेले. सामना 3–1 असा संपला आणि त्याबरोबर मालिकाही. बेट्स आणि सीगर यांनी स्नेलला तिसऱ्यांदा पाहू नये, हे आपले कारण कॅश यांनी सामन्यानंतर सांगितले. बेट्सनेही स्नेल गेल्याने सुटल्यासारखे वाटल्याचे लपविले नाही.

आता रसिकांचे वाक्य झाले, ‘ही लीव्ज हिम इन, वुई विन.’ म्हणजे, ‘तो त्याला ठेवतो, आपण जिंकतो.’ साचा तोच, क्रियापद मात्र विरुद्ध. 2020 च्या रसिकांनी कॅश यांच्याकडून जे मागितले, ते पाहू जाता लिटल यांनी 2003 मध्ये केले तेच होते. येथे विसंगती दाखवून रसिकांना हसण्याचा मोह टाळला पाहिजे. डॅनिएल कानेमान आणि डेल मिलर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या विचारानुसार, न घडलेला पर्याय मनात सहज उभा राहतो तो घडलेली गोष्ट रूढ अपेक्षेपासून ढळते तेव्हा. 2003 च्या रसिकाच्या मनातील रूढी ‘थकलेल्याला काढावे’ ही होती, 2020 च्या मनातील ‘रंगात आलेल्याला हात लावू नये’ ही. दोन्ही रूढी बेसबॉलमध्ये फार जुन्या आहेत आणि एकमेकींशेजारी सुखाने नांदतात. कोणत्या प्रसंगी कोणती लागू करावयाची याचा नियम मात्र कोणी सांगत नाही. रसिक ती रूढी मांडतो तेव्हा इंग्रजीतील सर्वसाधारण ‘यू’ वापरतो : ‘यू डोन्ट टेक हिम आऊट.’ हा ‘यू’ समोरचा माणूस नव्हे, कोणीही शहाणा माणूस होय. मराठीत याला जवळचा प्रयोग ‘असल्या वेळी पिचरला काढायचे नसते’ हा. त्यात कर्ताच नाहीसा झाल्याने आदेश जणू निसर्गनियमासारखा उभा राहतो.

वादाचा दर्जा ठरतो तो नेमका येथे. ‘काढायचे नसते’ एवढ्यावर जो थांबतो, त्याच्याशी वाद शक्य नाही. कॅश यांचे चांगले टीकाकार मात्र तेथे थांबले नाहीत. अँडरसनने त्यापूर्वीच्या सलग सहा सामन्यांत निदान एकेक धाव दिलेली आहे, हे त्यांनी दाखविले. बेट्स उजव्या हाताने खेळणारा असूनही त्या हंगामात डावऱ्या पिचरांपेक्षा उजव्यांविरुद्धच अधिक यशस्वी झाला होता. तेव्हा डावरा काढून उजवा आणणे त्याच्या पथ्यावर पडणारे होते, हेही त्यांनी दाखविले. तिसऱ्या भेटीचा नियम सरासरीचा असून त्या रात्रीचा स्नेल सरासरी नव्हता, हा मुद्दा अधिक अवघड आहे; कारण पिचर ‘रंगात’ असणे ही पुढील चेंडूविषयी काही सांगणारी वस्तुस्थिती आहे की मागील चेंडूंचे नुसते वर्णन, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु पहिल्या दोन गोष्टी निर्णयाच्या क्षणी कोणासही पाहता येण्याजोग्या होत्या. अशा युक्तिवादात बेट्सच्या डबलचा उल्लेख करण्याचीच गरज पडत नाही. पश्चात्तर्क प्रामाणिक आहे किंवा नाही याची याहून चांगली कसोटी सापडणे कठीण : निकाल वगळून तो पुन्हा मांडता आला पाहिजे. या कसोटीस 2020 ची टीका 2003 च्या टीकेहून अधिक उतरते, असे म्हणण्यास आधार आहे. मधल्या काळात आकड्यांची चर्चा क्लबांच्या कचेऱ्यांतून सामान्य रसिकापर्यंत पोहोचली होती, आणि ‘तिसऱ्यांदा’ या शब्दाचा पारिभाषिक अर्थ त्याला सांगावा लागत नव्हता.

फलंदाजीच्या क्रमाविषयीचा वाद याहून वेगळ्या जातीचा आहे आणि भाषेच्या दृष्टीने काहीसा फिका. नऊ खेळाडूंचे 3,62,880 क्रम लागू शकतात. परंतु त्यांतील समंजस क्रमांमध्ये 162 सामन्यांच्या हंगामाअखेर पडणारा फरक थोड्याच धावांचा असतो, असे गणिती दाखवितात. सुमारे दहा धावा म्हणजे एक विजय, असा त्यांचा ठोकताळा आहे. तरीही क्रम जाहीर झाला की रोज वाद पेटतो. या वादात संकेतार्थ फारसा आढळत नाही, कारण क्रम वेगळा असता तर काय झाले असते हे एका सामन्यावरून कोणालाच दाखविता येत नाही. येथे राज्य नामांचे असते. अमुक ‘लीड-ऑफ’ आहे, तमुक ‘क्लीनअप’ आहे. जणू पहिला व चौथा ही स्थाने नसून मनुष्याच्या जाती आहेत. चपळ खेळाडू पहिला आणि बलवान चौथा, ही जुनी वाटणी आकडे जाणणाऱ्यांनी मोडीत काढून सर्वोत्तम फलंदाज दुसऱ्या स्थानी पाठविण्यास सुरुवात केली, तेव्हा पुष्कळ रसिकांची तक्रार ‘हे फायद्याचे नाही’ अशी नव्हती. ‘तो दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू नव्हे’ अशी होती. मुंबईच्या मैदानांवर ‘तो वन डाऊनच’ असे ज्या ठामपणे म्हटले जाते, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती.

सर्वनामांविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. नमुन्याच्या दोन्ही वाक्यांत काढणारा वा ठेवणारा ‘तो’ आहे आणि जिंकणारे ‘आपण’. रॉबर्ट चॅल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थी आपल्या फुटबॉल संघाच्या विजयाविषयी बोलताना ‘वुई’ अधिक वापरतात, पराभवाविषयी कमी, असे आढळले. बेसबॉलच्या पश्चात्तर्कात ही वाटणी एकाच वाक्याच्या आत होते. न मिळालेला विजय सर्वांचा, पण तो घालविणारी कृती एकट्याची. इंग्रजी ‘वुई’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही हे कळत नाही; मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते, आणि बोस्टनचा रसिक मराठी बोलता तर समोरच्या बोस्टनकराशी ‘आपण’च म्हणता, यात शंका नाही. त्या ‘आपण’मध्ये लाखो माणसे मावतात, मॅनेजर तेवढा बाहेर राहतो.

यशस्वी निर्णयाच्या वाट्याला संकेतार्थ जवळजवळ येतच नाही, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे. 1951 मध्ये ब्रुकलिनचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी कार्ल अर्स्किनऐवजी राल्फ ब्रँकास चेंडू दिला आणि बॉबी थॉमसनने होम रन मारला. ‘अर्स्किन असता तर’ हे त्यानंतर कित्येक दशके ऐकू येत राहिले. 8 ऑक्टोबर 1929 रोजी फिलाडेल्फियाचे कॉनी मॅक यांनी वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात याहून कितीतरी अधिक धाडस केले होते. लेफ्टी ग्रोव्हसारखा पिचर हाताशी असताना त्यांनी हॉवर्ड एम्के या उतारवयीन आणि त्या हंगामात फारच थोड्या खेळलेल्या पिचरला उभे केले. एम्केने शिकागोच्या तेरा फलंदाजांस स्ट्राइक आऊट करून त्या वेळचा विक्रम केला आणि फिलाडेल्फियाने सामना 3–1 असा जिंकला. ग्रोव्ह असता तरीही सामना जिंकला असता, कदाचित अधिक सहजपणे, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि वस्तुतः संभवनीय आहे. पण ते म्हणण्याची गरज कोणास वाटली नाही. एम्के त्या दिवशी लवकर कोसळता तर मॅक यांना कोणती वाक्ये ऐकावी लागली असती, याची कल्पना करता येते. मात्र त्यांची नोकरी जाण्याचा संभव नव्हता, कारण ते स्वतःच त्या संघाच्या मालकांपैकी एक होते.